देवळाच्या पाठीमागचे स्वर

हिंगोलीचा दसरा साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. रामलीला मैदानावर दुकाने लागतात, आकाशपाळणे उभे राहतात आणि सायंकाळी अवघ्या गावाचा गलका कर्ण्यांच्या आवाजात मिसळून जातो. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील चार-सहा तरुणांसमवेत आम्ही त्या मैदानात फिरत असता एका पाळण्याजवळ 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील ते सर्वपरिचित गाणे सुरू झाले. भल्यामोठ्या अंड्यातून उंच टोपी घातलेला नायक बाहेर येतो आणि आपले नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचे जाहीर करतो, तेच ते गाणे. मुले हसली. एकाने तर तिथल्या तिथे ठेकाही धरला. मग त्यांच्यातल्या एकाने आम्हाला विचारले, "फादर, हा अँथनी गोन्साल्विस खरंच कोणी होता का हो? आपल्यातला?"

आम्ही "होता" म्हणालो. पण त्यापुढे काय आणि किती सांगावे हे त्या गर्दीत सुचेना. सिनेमातला ख्रिस्ती माणूस म्हणजे एकतर दारूच्या नशेत बरळणारा किंवा गळ्यात क्रूस घालून विनोद करणारा, हे चित्र आमच्या मुलांच्याही मनावर ठसलेले आहे. ज्या नावावर ते हसत होते, त्या नावाचा माणूस हिंदी चित्रपटसंगीताच्या जडणघडणीतला एक थोर कलावंत होता, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्या संध्याकाळी अपुरे राहिलेले उत्तर पुरे करण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

एक साल, दोन जन्म

१९२७ हे साल भारतीय संगीताच्या इतिहासात एका योगायोगामुळे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ३१ मे रोजी मुंबईत एका कच्छी भाटिया कुटुंबात वनराज भाटिया यांचा जन्म झाला. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, १२ जून रोजी, गोव्याच्या साष्टी तालुक्यातील माजोर्डा या गावी अँथनी गोन्साल्विस जन्मले. एकाचे बालपण शहरातील सुस्थित घरात गेले, तर दुसऱ्याचे गावच्या चर्चच्या सावलीत. पुढे दोघेही चित्रपटासाठी राबले, आणि दोघांचेही मन आयुष्यभर मैफलीच्या सभागृहाकडे, मोठ्या वाद्यवृंदाकडे लागून राहिले. या दोघांच्या वाटा शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे आपल्या देशात संगीतरचनाकार होणे म्हणजे काय, त्यात कोणाचे नाव उरते आणि कोणाचे पुसले जाते, याचा थोडाफार उलगडा होतो.

मेस्तांची शाळा

गोव्यात पोर्तुगीज राजवट आल्यानंतर सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून पॅरिश शाळा निघू लागल्या. त्यांत धर्मशिक्षणाबरोबर गायन शिकविले जाई. चर्चचा गायनशिक्षक म्हणजे 'मेस्त'. तो मुलांना प्रथम सोल्फेज म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाण्याची विद्या देई, आणि तिच्यात मूल पक्के झाल्यावरच त्याच्या हाती व्हायोलिन येई. गावातील फेस्त, लदीन, लग्न आणि मयत या सर्व प्रसंगी ही मुले वाजवीत. वसाहतीच्या राजवटीने आपल्या लोकांवर जे लादले त्याचा हिशेब निराळा मांडावा लागेल, आणि तो मांडला गेलाच पाहिजे. परंतु या शाळांनी गरीब घरच्या मुलांच्या हाती एक कसब दिले, हेही नाकारता येत नाही. पाच रेघांवर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणाऱ्या माणसांची एक पिढी नव्हे, अनेक पिढ्या त्यांतून निपजल्या.

अँथनी गोन्साल्विस यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते. मुलाचे पहिले गुरू तेच. गोव्यात त्या काळी अशा कसबी माणसाला पोटापुरता उद्योग नव्हता. म्हणून गोवेकर वादक मुंबईची वाट धरीत. हॉटेलांतील जाझ बँड, मूकपटांच्या थिएटरांतील वाद्यवृंद, रेल्वे इन्स्टिट्यूटमधील नाचगाणी, संस्थानिकांचे आणि पोलिसांचे बँड, यांतून त्यांचा चरितार्थ चाले. बोलपट आले आणि या माणसांना नवे अन्नछत्र मिळाले. १९४३ च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या वर्षी, गोन्साल्विस हे नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले.

सहायक या नावाखाली

चित्रपटाच्या गाण्याची निर्मिती कशी होत असे, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण त्याशिवाय गोन्साल्विस यांचे काम काय होते हे कळणार नाही. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. गीतकार त्या चालीवर शब्द बसवी, किंवा शब्दांवर चाल बसे. येथवरचे काम दोन-चार माणसांच्या बैठकीत होई. पण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्टुडिओत पन्नास-साठ, कधी त्याहूनही अधिक वादक येऊन बसत. व्हायोलिनांच्या रांगा, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बासरी, सतार, तबला, ढोलक, मेंडोलिन अशी ती सरमिसळ असे. यांतील कोणी कधी वाजवायचे, सुरुवातीचे संगीत काय, दोन कडव्यांमधले संगीत काय, गायिकेच्या सुराखाली व्हायोलिनांनी कोणते सूर धरून ठेवायचे, हे सारे ठरवून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद लिहिणारा माणूस म्हणजे अरेंजर, संगीत संयोजक. तेव्हा सारे एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवीत. शेवटच्या ओळीत एखादा ट्रम्पेट चुकला तर गाणे पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागे.

पाच रेघांची लिपी लिहिणारे-वाचणारे लोक प्रामुख्याने गोवेकर होते. त्यामुळे ही कामगिरी त्यांच्याकडे आली. अँतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सॅबेस्टियन डिसोझा ही त्यांतली काही नावे. शंकर-जयकिशन यांच्या संगीतातील व्हायोलिनांचा जो भरजरी पडदा आपण ऐकतो, त्यामागे सॅबेस्टियन यांचा हात होता. श्रेयनामावलीत मात्र 'सहायक' या शब्दाखाली दत्ताराम यांच्या जोडीने त्यांचे नाव येई. तेही काहींच्याच वाट्याला. बहुतेकांना तेवढेही मिळाले नाही. चाल बांधणाऱ्याचे श्रेय कमी करावे असे आमचे म्हणणे नाही. चाल हाच गाण्याचा प्राण. परंतु प्राणाला देह देणाऱ्याचे नाव विचारले, तर त्यात वावगे काय?

गोन्साल्विस पाहता पाहता वादकाचे संयोजक झाले. 'महल', 'नया दौर', 'प्यासा' अशा चित्रपटांच्या संगीताशी त्यांचे नाव निगडित आहे. त्यांनी शिष्यही घडविले. रामप्रसाद शर्मा या ट्रम्पेटवादकाचा मुलगा प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकला, आणि पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला तो अर्धा भाग झाला. राहुलदेव बर्मन यांनीही त्यांच्याकडे धडे घेतल्याचे सांगितले जाते. म्हणजे पुढील दोन दशकांच्या चित्रपटसंगीताची एक मुळी माजोर्ड्याच्या चर्चपर्यंत जाते.

१९५८ चे धाडस

एवढ्यावर थांबले असते तर गोन्साल्विस हे अनेक गुणी संयोजकांतील एक ठरले असते. पण त्यांच्या मनाने निराळेच घेतले होते. मुंबईत आल्यावर त्यांनी हिंदुस्थानी संगीत कान देऊन ऐकले, रागांचा अभ्यास केला, आणि त्यांना ध्यास लागला तो राग आणि वाद्यवृंद यांना एकत्र आणण्याचा.

ही गोष्ट बोलायला सोपी आहे. प्रत्यक्षात तिच्यात मोठी अडचण आहे, आणि पेटीवर भजने बसविणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी असे आम्हाला वाटते. पाश्चात्त्य संगीत स्वरमेळावर, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवर उभे आहे. षड्ज, गंधार आणि पंचम हे तीन सूर एकत्र वाजले की त्या संगीताचे घर तयार होते. गंधार शुद्ध की कोमल, यावर त्या घराचा रंग ठरतो. आता सारंग घ्या. त्यात गंधार वर्ज्य आहे. म्हणजे घराला रंग देणारा सूरच नाही. गंधार घालावा तर राग मोडतो, न घालावा तर मेळ पोकळ राहतो. तोडी घ्या. त्यात मध्यम तीव्र आहे. पाश्चात्त्य रचना ज्या शुद्ध मध्यमावरून पंचमाकडे आणि तेथून षड्जाकडे परतते, ती पायरीच तोडीत नाही. शिवाय मींड, आंदोलन, श्रुतींचे सूक्ष्म भेद यांना पाच रेघांच्या लिपीत जागा करून द्यायची ती वेगळीच. हे ठाऊक असूनही गोन्साल्विस यांनी सारंगात कॉन्सर्टो रचला, तोडी थाटात व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी कॉन्सर्टो लिहिला, 'सोनातिना इंडियाना' नावाची रचना केली. त्यांनी सोपे राग निवडले नाहीत, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या स्वभावाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

१९५८ साली त्यांनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. शंभरावर वादक त्यात होते. चित्रपटाच्या स्टुडिओतून रोज भेटणारेच ते लोक. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या दगडी प्रांगणात त्यांचे संगीत झाले. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे गायक म्हणून त्यात सहभागी झाले होते. एरवी पडद्यामागे बसणारी माणसे त्या सायंकाळी श्रोत्यांच्या समोर बसली होती. त्यांच्यापुढील कागदावर कोणा चित्रपटाचे नाव नव्हते.

परंतु शंभर वादकांचा खर्च एका माणसाच्या हौसेवर किती दिवस चालणार? तिकिटांवर तो भागत नाही. युरोपात अशा वाद्यवृंदांना राजे, चर्च, नगरपालिका किंवा सरकार पोसत आले. आपल्याकडे त्यांना पोसत होता फक्त सिनेमा, आणि तो त्यांच्याकडून स्वतःपुरतेच काम करून घेत होता. हा उपक्रम टिकला नाही. १९६५ साली गोन्साल्विस चित्रपटसृष्टी सोडून अमेरिकेस सिराक्यूज विद्यापीठात गेले. पुढे ते परतले ते माजोर्ड्यालाच, आणि तेथे कोणाच्या अध्यात-मध्यात न येता राहिले.

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला. नायकाचे आडनाव आधी दुसरे होते, पण प्यारेलाल यांच्या आग्रहामुळे गाण्यात गोन्साल्विस हे नाव आले, असे सांगतात. शिष्याने दिलेली ही गुरुदक्षिणा. तिच्यातील प्रेम खरे आहे. पण दैवाचा खेळ असा, की ते गाणे घरोघरी पोहोचले आणि त्या नावाचा माणूस अधिकच झाकला गेला. चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, तेव्हा कोठे पुष्कळांना त्यांची प्रथम ओळख झाली. १८ जानेवारी २०१२ रोजी माजोर्ड्यास त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ८४ होते.

दुसरी वाट

वनराज भाटिया यांची वाट उलट दिशेने गेली. मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले. याच देवधर मास्तरांच्या छायेत कुमार गंधर्व वाढले होते. पुढे पियानोने भाटियांना झपाटले. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी घेऊन एम. ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले आणि तेथून १९५४ साली सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. मग पॅरिसला नादिया बुलांजे या थोर विदुषीकडे पाच वर्षे. विसाव्या शतकातील कितीतरी नामवंत रचनाकार या बाईंच्या हाताखालून गेले. त्या स्वतः श्रद्धावान कॅथलिक होत्या आणि शिस्तीला कडक म्हणून त्यांचा लौकिक होता.

असे शिक्षण घेतलेल्या माणसाला स्वदेशी परतल्यावर कोणते काम मिळाले? १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे अध्यापन, आणि त्यानंतर मुंबईत जाहिरातींचे संगीत. साड्या, साबण, रंग यांच्या जाहिरातींसाठी त्यांनी सात हजारांवर जिंगल्स केल्याचे सांगितले जाते. बुलांजेंच्या शिष्याने साबणाचे गाणे करावे, यात कोणी हीनपणा पाहील. आम्हाला तसे वाटत नाही. संत पौल तंबू शिवून पोट भरीत असे. मात्र तंबू शिवणाऱ्या पौलाला पत्रे लिहायलाही सवड मिळाली. आमच्या रचनाकाराला ती किती मिळाली, हा प्रश्न उरतोच.

१९७४ साली श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'पासून भाटियांचे चित्रपटातील कार्य सुरू झाले. 'निशांत', 'मंथन', 'जुनून', 'कलयुग', 'मंडी' अशी ती मालिका आहे. मराठी वाचकाने त्यांतील 'भूमिका' (१९७७) विशेष लक्षात ठेवावा. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला. नायिकेचे आयुष्य दाखविताना जुन्या चित्रपटांतील गाणीही दाखवायची होती, आणि ती त्या-त्या काळची वाटायला हवी होती. तीसच्या दशकातील साधी पेटी-तबल्याची साथ, नंतर हळूहळू भरत जाणारा वाद्यवृंद, असा चित्रपटसंगीताचाच इतिहास भाटियांनी पुन्हा रचून दाखविला. म्हणजे गोन्साल्विस आणि त्यांच्या सोबत्यांनी जे घडविले, त्याचाच हा एक अभ्यास होता. 'त्रिकाल' (१९८५) या चित्रपटात तर ते गोव्याच्या अंगणातच आले. १९६१ च्या मुक्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या एका कॅथलिक घराण्याची ती कथा लोटलीच्या एका जुन्या वाड्यात चित्रित झाली, आणि तिच्या संगीतात रेमो फर्नांडिस यांचा सहभाग होता. १९८८ साली गोविंद निहलानी यांच्या 'तमस'च्या संगीतासाठी भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका सुरू झाली. तिच्या आरंभी ऋग्वेदातील नासदीय सूक्त समूहस्वरांत येई. वेदाचे शब्द आणि पाश्चात्त्य पद्धतीचा गायनवृंद यांचा तो मेळ ज्यांनी ऐकला, त्यांना तो विसरता आलेला नाही.

या ठिकाणी एक धागा मागे नेण्यासारखा आहे. पंडित नेहरूंच्या ज्या ग्रंथावर ही मालिका बेतली, त्याच ग्रंथावर १९४७ च्या सुमारास एक नृत्यनाट्यही रंगभूमीवर आले होते, आणि त्याचे संगीत रविशंकर यांचे होते. नृत्यनाट्य, ज्याला आपण बॅले म्हणतो, ते त्या काळी नव्या रचनाकारांचे खरे विद्यापीठ होते. पलुस्करांच्या परंपरेत शिकलेले विष्णुदास शिराळी हे उदय शंकर यांच्या नृत्यसंघाचे संगीतकार होते, आणि १९४८ च्या 'कल्पना' या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. गाण्याच्या तीन मिनिटांच्या चौकटीबाहेर, तासभर चालणारे, शब्दांवाचून कथा सांगणारे संगीत रचण्याची संधी नृत्यनाट्याने दिली. आपल्या वर्तुळातही त्याचे पडसाद उठले. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमातून जर्मन मिशनरी फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भारतीय रागांवर आधारलेली भजने आणि नृत्यनाट्ये रचली. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान संमत केले आणि मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताला मान दिला जावा असे सांगितले. गोन्साल्विस यांचा राग-कॉन्सर्टोचा खटाटोप त्याच्या अगोदरचा आहे, हे ध्यानी घ्यावे.

भाटियांनी मैफलीसाठी लिहिणे कधी सोडले नाही. पियानोसाठी 'फँटेशिया अँड फ्यूग', वाद्यवृंदासाठी 'सिंफोनिया कॉन्सर्टान्टे', समूहगायनासाठी 'रुद्रनाम' आणि 'जैसलमेर', चेलोसाठी 'रेव्हरी' अशा त्यांच्या रचना आहेत. गिरीश कर्नाड यांच्या नाटकावरून त्यांनी 'अग्निवर्षा' हा ऑपेरा लिहावयास घेतला. त्याचे पहिले दोन अंक २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये सादर झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये विख्यात चेलोवादक यो-यो मा यांनी 'रेव्हरी' मुंबईत वाजविली. आणि त्याच वर्षी हा वृद्ध रचनाकार पैशाअभावी आणि आजारपणामुळे हलाखीत असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. मग मदतीचे हात पुढे झाले. ७ मे २०२१ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, ते मुंबईत निवर्तले.

कागद आणि वाळवी

दोघांच्या चरित्रांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. आपल्या देशातील मोठमोठे वाद्यवृंद कित्येक वर्षे चित्रपटाच्या स्टुडिओत बसत होते, आणि तरीही मैफलीच्या रचनाकाराला वाद्यवृंद मिळत नव्हता. मुंबईच्या एन.सी.पी.ए.मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तो २००६ साली, म्हणजे गोन्साल्विस यांच्या प्रयोगानंतर ४८ वर्षांनी. तोवर सिंथेसायझर येऊन स्टुडिओतील व्हायोलिनांच्या रांगाही विरळ झाल्या होत्या. आणि संयोजकांनी हाताने लिहिलेले ते कागद? ध्वनिमुद्रण झाले की त्यांचे काम संपले. कोणी जपले, पुष्कळ रद्दीत गेले.

रद्दीत टाकणाऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी आम्हाला आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही नवखे धर्मगुरू असताना, मराठवाड्यातील एका रेल्वे जंक्शनच्या गावी आमची नेमणूक होती. तेथे एक निवृत्त गोवेकर आजोबा राहत. साष्टीतल्या कुठल्याशा गावी मेस्ताकडे शिकलेले, तरुणपणी काही काळ मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजविलेले, आणि मग रेल्वेत नोकरी धरून इकडे आलेले. नाताळात ते मराठी गीतांना व्हायोलिनची साथ करीत. आपल्या मराठी भक्तिगीतांचे चार स्वरांत केलेले संयोजन त्यांनी वह्यांतून लिहून ठेवले होते. त्यांच्या पश्चात मुलीने त्या वह्यांची पेटी आमच्या स्वाधीन केली. "फादर, तुम्हीच सांभाळा. आमच्या घरात कोणाला वाचता येत नाही," असे ती म्हणाली. आम्हाला सेमिनरीत पाच रेघांची लिपी शिकविलेली होती. आम्हाला वाचता येत होते. आम्ही ती पेटी चर्चच्या सॅक्रिस्टीतील खालच्या कपाटात ठेवली, पुढे केव्हातरी सवडीने नक्कल करू म्हणून. बदली झाली. दोन वर्षांनी चौकशी केली तेव्हा कळले, की पावसाळ्यात वाळवी लागून वह्यांची माती झाली होती.

त्या मुलीला हे सांगण्याचे धैर्य आम्हाला बरेच दिवस झाले नाही. सांगितले तेव्हा ती रागावली नाही. "पप्पांना तरी कोणी विचारलं होतं," एवढेच म्हणाली. ते वाक्य रागापेक्षा जड होते.

नागनाथाचे देऊळ

आम्ही ज्या जिल्ह्यात राहतो, तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पूर्वी येथे हैदराबाद संस्थानच्या कंटिंजेंट फौजेची छावणी होती. आज लग्नाच्या वरातीत वाजणारा बँड हा जुन्या लष्करी बँडांचाच वंशज. म्हणजे पाच रेघांचे संगीत या मातीलाही अगदीच परके नाही. परंतु या जिल्ह्याची संगीताची मुळे त्याहून पुष्कळ खोल आहेत. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून पूजिले जाते. त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि मराठी माणसाचा सूर पंजाबपर्यंत पोहोचला तो त्यांच्या मुखाने.

येथून जवळच औंढा नागनाथाचे देऊळ आहे. तेथील कथा प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना हटकले आणि मागच्या बाजूस जाण्यास सांगितले. नामदेव मागे गेले आणि तेथे गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड नामदेवांकडे झाले. नंदी देवळाच्या पाठीमागे आहे तो त्यामुळेच, असे आजही दाखवितात. कथेची चिकित्सा करणे हा आमचा अधिकार नव्हे. तिचा अर्थ मात्र आम्ही पुष्कळदा मनाशी घोळविला आहे. नामदेवांनी मागे पाठविल्याबद्दल वाद घातला नाही, आणि गाणेही थांबविले नाही. फिरावे लागले ते देवळाला.

पडद्यामागे बसविलेल्या वादकांसाठी असे कोणते देऊळ फिरले? गोन्साल्विस यांच्यासाठी ते एका गाण्यातून थोडेसे फिरले, पण चेहरा दिसला तो नायकाचा. भाटियांसाठी त्यांच्या ९२ व्या वर्षी फिरू लागले. आमच्या त्या रेल्वेतल्या आजोबांसाठी ते फिरलेच नाही, आणि ते फिरविणे ज्यांच्या हाती होते त्यांत आम्हीही होतो.

वाचकहो, ही हळहळ इथेच सोडून द्यावी असे आम्हाला वाटत नाही. आपल्या धर्मग्रामांत आजही जुन्या गायकांच्या वह्या ट्रंकांतून पडलेल्या असतील. वसईच्या वाड्यांत असतील, गोव्यात असतील, मराठवाड्याच्या खेड्यांत हातलिखित भजनांच्या असतील. त्या मागून घ्या, वाचता येत असतील तर नक्कल करा, नसतील तर वाचणारा शोधा, आणि त्यांची छायाचित्रे तरी काढून ठेवा. आता खिशातल्या फोननेही ते काम होते. आमच्या छोट्या गायनवृंदात आम्ही एक नेम केला आहे. गीताच्या प्रत्येक कागदावर शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि ती आमच्यापर्यंत कोणी पोहोचविली, ही तीन नावे लिहिल्यावाचून तो कागद मुलांच्या हाती द्यायचा नाही. पुष्कळदा तिसरी जागा रिकामी राहते. तरी ती रेघ आम्ही आखून ठेवतो.

दसऱ्याच्या मैदानात प्रश्न विचारणारा तो तरुण आज आमच्याकडे ढोलक वाजवितो आणि हळूहळू पाच रेघांची लिपी शिकतो आहे. हा अंक छापून आला की पहिली प्रत त्याच्या हाती देण्याचा आमचा विचार आहे.